हात ठेव, बारक्या

९ जानेवारी

ताई,

पत्र बघून चक्रावला असाल. फोन असताना हिला कागद कशाला लागला, असं पुटपुटत चष्मा शोधत असाल, आणि तो तुमच्या कपाळावरच असेल. फोन मुद्दामच केला नाही. तुमचा फोन मटणाच्या दुकानात, भिंतीवर. तुम्ही बोलता ते ओरडून, आणि वजन होईपर्यंत गिऱ्हाइकाला दुसरं कामच काय? मागे मला साधी सर्दी झाली होती, तर तुमच्या रांगेतल्या बायकांनी तुमच्याकरवी काढा कळवला. आजची गोष्ट रांगेला कळण्यासारखी नाही. वाचून झालं की हे फाडून टाका.

आमच्या लग्नाला वर्ष होत आलं. तुमच्या भावाचं सलून बरं चाललंय. मटणवाल्यांच्या घरातला म्हणून लोक आधी त्याच्यापुढे मान द्यायला कचरायचे, आता रांग लावतात. मी अजून काचेच्या कारखान्यातच आहे. दिवसभर हिरकणीने रेघ मारायची आणि काच तोडायची.

आता सरळ सांगते, नाहीतर पानही संपेल आणि धीरही. सोमवारी त्याचं सलून बंद असतं. मी अर्धा दिवस भरून घरी येते. ती दुपार आमची. ताई, मला तो हवा असतो. हे आधी लिहिते, कारण पुढचं वाचून तुम्ही भलतंच समजाल. जबरदस्ती नाही, नाइलाज नाही. दाराची कडी मीच घालते. सगळं छान होतं, अगदी छान. आणि ते संपलं की थोड्याच वेळात माझ्या आत काहीतरी कोसळतं. कोणीतरी मेल्याचं कळावं आणि कोण ते कळू नये, तसं. हुंदके देऊन रडू येतं. नुसतं रडू असतं तर चाललं असतं. त्याच्या मागोमाग राग येतो, कोणाचा ते ठाऊक नाही. पलंग उचलून आपटावा, भिंतीवर डोकं फोडून घ्यावं असं वाटतं. तो जवळ आला तर त्याचा हात झिडकारते, आणि तो खोलीबाहेर गेला की जास्तच रडते. मग हळूहळू ओसरतं. मी चहा टाकते आणि आम्ही दोघं परक्याच्या घरी आल्यासारखे गुपचूप चहा पितो.

मंगळवारी मी कारखान्यात सगळ्यांच्या आधी जाते. मागच्या बाजूला एक पिंप आहे, वाया गेलेल्या काचेचं. मी एकेक तुकडा उचलून त्यात फेकते, अगदी जीव खाऊन. खळ्ळ आवाज झाला की इतकं बरं वाटतं म्हणून सांगू! मालक म्हणतो, बाई कामाला वाघ आहे. परवा एक तुकडा उडून मनगटात घुसला, म्हणून हे अक्षर असं लंगडतंय.

तुम्हाला कधी असं झालं होतं का? आईला विचारलं तर तीच रडायला लागेल, आणि मैत्रिणी हसतील. तुम्ही कशालाच लाजत नाही, म्हणून तुम्हाला विचारलं.

तुमची,
काचवाली


१६ जानेवारी

काचवाली बाई,

पत्र मिळालं. फाडलं नाही, जाळलं. आता माझ्याकडे बघ आणि खरं काय ते सांग. बारक्या हात उचलतो का तुझ्यावर?

‘मला तो हवा असतो, हे आधी लिहिते.’ का गं आधी लिहितेस? मी विचारलं होतं का? गिऱ्हाईक आपणहून ‘ताई, कालचं मटण अगदी ताजं होतं हं’ म्हणायला लागलं की मला कळतं, काहीतरी बिनसलंय. आणि मनगटात काच घुसली म्हणे! मीही आईला ‘सुरा लागला’ असंच सांगायचे. सासरीही माझ्या हातात दिवसभर सुराच असायचा, त्यामुळे कोणी दुसऱ्यांदा विचारलं नाही. तुझ्या हातात काच. आपण दोघी नशिबाच्या, खोटं बोलायची सोय धंद्यातच आहे.

तू या घरात आलीस तेव्हा आबा गेलेले होते, म्हणून तुला आमच्या घरचा कायदा कोणी सांगितला नसेल. मी सांगते. माझा नवरा, मिशीवाला, हात सैल सोडायचा. कधी पाठ, कधी कान, कधी नुसतं ढकलून द्यायचा. मी गप्प. एका सकाळी मात्र दात मुठीत घेऊन माहेरी आले. आबा दुकानात बकऱ्याच्या फऱ्या तोडत होते. त्यांनी दात बघितला, ओठ बघितला. हात धुतले आणि जावयाला जेवायला बोलावणं धाडलं. तो आला, कोरा करकरीत शर्ट घालून. आबांनी शटर अर्धं खाली ओढलं, त्याची मानगूट पकडली आणि त्याला मटण तोडायच्या ओंडक्याशी आणून वाकवला. म्हणाले, ‘हात ठेव.’ मेला गयावया करायला लागला, पाय धरायला लागला. मग आबांनीच त्याचा हात दाबून धरला. सत्तूर एकदाच खाली आला. दोन बोटं भुशात पडली, आणि नव्या शर्टाची पार वाट लागली.

बारक्या तेव्हा शाळेतून येऊन दारात उभा होता. तिथेच भडाभडा ओकला. त्यानंतर त्याने दुकानात पाऊल टाकलं नाही, रक्त नको म्हणून केस कापायला शिकला. आमच्या घरात जन्मलास तर काहीतरी कापावंच लागतं, असं मी त्याला चिडवते.

तर हा कायदा. ज्या हाताने बाईला मारलं तो हात ओंडक्यावर. मिशीवाला पुन्हा दिसला नाही आणि माझं रडणंही त्याच दिवशी बंद झालं. रडू मारामुळे येतं, काचवाली. मार थांबला की ते थांबतं. हे मला कोणी पुस्तकातून शिकवलेलं नाही, अंगावर शिकलेय. भाऊ असला म्हणून मी त्याला सोडणार नाही.

मला एका शब्दात उत्तर दे.

ताई


२५ जानेवारी

ताई,

नाही.

एका शब्दात मागितलंत, दिलं. आता बाकीचं ऐका. तुमच्या भावाने माझ्यावर हात काय, आवाजसुद्धा चढवलेला नाही. डासही मारत नाही तो, खिडकी उघडून बाहेर हाकलतो. मी तुम्हाला डोकं दुखतंय म्हणून सांगावं आणि तुम्ही पायाला प्लास्टर घालायला निघावं, असं झालंय.

मी बायकांच्या डॉक्टरणीकडे जाऊन आले. चप्पल बाहेर काढून ठेवली तेव्हापासून पळून जावंसं वाटत होतं. ती मात्र शांतपणे ऐकत होती. म्हणाली, याला नाव आहे, हे बऱ्याच बायकांना होतं, नवऱ्यावर जीव असलेल्यांनाही होतं. नक्की का होतं ते अजून कोणाला धड सांगता येत नाही. घरात मारहाण होते का, लहानपणी काही वाईट घडलं होतं का, हेही तिने विचारलं. मी दोन्हीला नाही म्हटलं आणि ते खरं आहे. मग म्हणाली, नवऱ्याला आधीच सांगून ठेवा, म्हणजे तुम्ही एकट्या पडणार नाही आणि तो घाबरणार नाही.

अजून सांगितलेलं नाही. कसं सांगू? ‘तुझ्याबरोबर मला सुख होतं आणि मग मला मरावंसं वाटतं’, हे कुठल्या पुरुषाला सरळ ऐकू जाईल? आधीच तो माझ्याकडे चोरून बघायला लागलाय.

परवाच्या सोमवारी जरा जास्तच झालं. आरसा फुटला. आवाज ऐकून वरची शेजारीण धावत खाली आली. त्याबद्दल लिहायला घेतलं आणि लिहवेना. मला फार लाज वाटते. त्याचा काही दोष नाही, एवढं मात्र लिहून ठेवते. तुम्ही काही मनात आणू नका.

काचवाली


३१ जानेवारी

काचवाली,

आरसा फुटला. शेजारीण धावत आली. त्याचा दोष नाही. लाज वाटते.

माझ्या जुन्या पत्रांची नक्कल केल्यासारखं लिहिलंयस. आईला मी हेच लिहायचे, आरशाच्या जागी कपाट होतं.

सोमवारी दुकान बंद ठेवून येतेय. तू कामावर असशील तेव्हाच पोचेन, तू समोर नसलेली बरी. बारक्याला कळवू नकोस. कळवलंस तर मी समजेन की तूही त्याला भितेस, आणि मग आणखी चिडेन. आबांचा सत्तूर घासून घेतलाय.

ताई


२२ फेब्रुवारी

ताई,

तुम्हाला ताई म्हणावं की नाही हे ठरत नाही, पण दुसरं काही म्हणायची सवय नाही. तुमचं शेवटचं पत्र मला कधी मिळालं माहीत आहे? तुम्ही येऊन गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी. इस्पितळातून कपडे घ्यायला घरी आले तर दाराच्या फटीत अडकलेलं.

तुम्ही जिना उतरून निघून गेलात, काय झालं ते समजून न घेता. म्हणून मी सांगते. नीट बसून वाचा.

आरसा मी फोडला. त्या सोमवारी मी पलंगाच्या कडेला बसून रडत होते. तो मागून आला, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, ‘माझं काय चुकतं ते एकदा सांग ना.’ बस, एवढंच. त्याच्या पेटीतला आरसा बाजूला होता, गिऱ्हाइकाला मानेमागचे केस दाखवायचा. तो उचलून मी त्याच्या कपाळावर मारला. भुवईच्या वर उभी चीर पडली. रक्त डोळ्यात उतरलं. शेजारीण आली तर डोळा दाबून म्हणतो कसा, ‘काही नाही मावशी, माझ्याच हातून पडला.’ टाके घालून आला आणि दुसऱ्या दिवशी सलूनमध्ये आरशासमोर बसून त्याने आपले केस कपाळावर ओढून कापले, टाके झाकले जातील असे. तुम्ही आल्या आल्या त्याला म्हणालात ना, ‘कपाळावर ही काय झुलपं सोडलीयस, शाळकऱ्यासारखी?’ ती झुलपं नुसती बोटाने वर केली असतीत, तर तुम्हाला सगळं कळलं असतं.

पुढचं त्याने मला इस्पितळात सांगितलं. तुम्ही जेवायच्या टेबलावरची भांडी हाताने खाली लोटलीत, पोत्यातून सत्तूर काढलात आणि म्हणालात, ‘ती रडते ना? तुझ्यामुळे रडते ना?’ तो म्हणाला, ‘हो.’ तुम्ही विचारलंत, ‘कोणत्या हाताने?’ तो म्हणाला, ‘दोन्ही हातांनी जवळ घेतो.’ तुम्हाला तो कबुलीजबाब वाटला.

त्यानंतरचं मी जिन्यात ऐकलं, कारण मी कामावरून आले होते. तुमचा आवाज आला, ‘हात ठेव, बारक्या.’ आणि त्याचा आवाज आला, ‘डावा चालेल का? उजव्यात कात्री धरावी लागते.’

मी दारात आले तर त्याने हात ठेवलेला होता. कोणी धरला नव्हता. टेबलावर सरळ, बोटं पसरून, जसा गिऱ्हाइकाने नखं कापायला द्यावा. सत्तूर वर गेलेला. मी ओरडले, ‘मी मारलं! त्याला मी मारलंय!’ आणि तुमच्या अंगावर झेपावले. सत्तूर तिरका आला. नाहीतर पंजा गेला असता. त्याच्या डाव्या करंगळीचं वरचं पेर गेलं. ते टेबलावरून घरंगळत माझ्या चपलेपाशी आलं.

मग मी खुर्ची उचलली. हे तुम्हाला आठवत असेल. तुमच्या उजव्या हातावर घातली, आणि सत्तूर पडल्यावरही घातली. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला आणि बरं वाटलं, पिंपात काच फोडल्यावर वाटतं तसंच. याची लाज वाटायला हवी. वाटत नाही. रक्त बघून ओकणारा तुमचा भाऊ त्या दिवशी ओकला नाही. त्याने केस कापायचा पांढरा कपडा बोटाला गुंडाळला आणि म्हणाला, ‘अगं, ताईचा हात बघ आधी.’ तोवर तुम्ही जिन्यात होतात.

इस्पितळात आम्ही काच लागली म्हणून सांगितलं. खोटं बोलायची सोय धंद्यातच आहे, हे तुम्हीच शिकवलंत. पोलिसांत जायला तो नको म्हणाला. मी अजून जाऊ शकते.

मी त्याला विचारलं, मूर्खा, हात का ठेवलास? पळाला का नाहीस? त्यावर काय म्हणाला ऐका. म्हणाला, ‘तू दर सोमवारी रडतेस. मी हात लावल्यावरच रडतेस. म्हणजे माझ्या हातातच काहीतरी वाईट असणार. मला ते कळत नव्हतं, वाटलं, ताईला कळलं असेल.’

आता तो मला हात लावत नाही. कप देतानासुद्धा टेबलावर ठेवतो आणि मी उचलेपर्यंत थांबतो. ताई, मला तो परत हवाय आणि तो माझ्या बोटालाही शिवत नाही. एकीने कपाळ फोडलं, एकीने बोट तोडलं. आपण दोघींनी मिळून एका चांगल्या माणसाचं हे करून ठेवलंय.

उत्तर पाठवा किंवा पाठवू नका.


१४ मार्च

काचवाली,

डाव्या हाताने लिहितेय. कालपासून एवढंच झालं आणि अक्षर कोंबडीने काढल्यासारखं. उजवा दोन ठिकाणी मोडलाय, खांद्यापर्यंत प्लास्टर आहे. डॉक्टर म्हणाला, कशावर पडलात? म्हटलं, स्वतःच्या अकलेवर. चांगलं मोडलंस. दुकान बंद आहे. गिऱ्हाइकं येऊन शटर वाजवतात, मी आत बसून असते.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी ओंडक्यावर डोकं आपटलं. खोटं सांगत नाही, खोक पडली. ज्या पोराला मी कडेवर घेऊन फिरवलं, त्याचं बोट मी तोडलं. आणि तो म्हणतो ताईचा हात बघ. काय करू गं मी? कुठे तोंड लपवू?

काम नसलं की माणसाला आठवायला लागतं. जे आठवलं ते लिहिते. तुझ्या पहिल्या पत्रात एक वाक्य होतं, कोणीतरी मेल्याचं कळावं आणि कोण ते कळू नये. तिथे माझे डोळे अडकले होते. मी ते वाक्य गिळलं आणि पुढे गेले. तेवढ्यावर थांबले असते तर बारक्याचं बोट आज जागेवर असतं.

कारण ते मला माहीत होतं. माझ्या लग्नाचा पहिला आठवडा. मिशीवाल्याने तोवर मला मारलं नव्हतं. हसरा होता, गाणी म्हणायचा, मला तो आवडायचा. खरंच आवडायचा, हे मी आज पहिल्यांदा कोणाला तरी सांगतेय. आम्ही जवळ आलो, चांगलं झालं, आणि मग मला असं रडू फुटलं की उशी दातांत धरावी लागली. तो म्हणाला, ‘कोणासाठी रडतेस?’ पुढच्या वेळी पुन्हा तेच. ‘सांग, कोण आहे तो?’ कोण असणार? कोणी असता तर नाव तरी सांगितलं असतं. मग एक दिवस त्याने विचारलं नाही, थोबाडीत दिली.

आधी रडणं होतं, मग मार. इतकी वर्षं मी ते उलटं करून ठेवलं होतं. मारामुळे रडत होते म्हटलं की सगळं सोपं होतं. दोष त्याचा, माझ्यात खोट नाही. पण आत कुठेतरी मी स्वतःला नासकीच समजत होते. म्हणून तर दुसऱ्या कोणाचा विचार केला नाही. लोक म्हणाले, बाई निग्रहाची आहे. कसला डोंबलाचा निग्रह! मला त्या रडण्याची भीती वाटायची.

रडण्यामुळे त्याने मारलं, असं मी म्हणत नाही. तेवढी अक्कल मला आहे. त्याला मारायचंच होतं, माझं रडणं हाताशी सापडलं. बारक्याच्या वाट्याला तेच रडणं आलं, वर कपाळ फुटलं. त्याने हात उगारला नाही. हात टेबलावर ठेवला. एकाच रडण्यासमोर दोन पुरुष, आणि आमच्या घरच्या सत्तुराने दोघांची बोटं तोडली. आबा असते तर मी त्यांना हे दाखवलं असतं.

तू त्याला डॉक्टरणीचं बोलणं सांग. आजच सांग, आत्ता उठून सांग. मला कोणी तेव्हा सांगितलं असतं, की बाई गं, याला नाव आहे, तू एकटी नाहीस, तर माझं आयुष्य वेगळं झालं नसतं कदाचित, पण मी माझ्या अंगाला भ्यायले नसते.

सत्तूर पार्सलने पाठवतेय. आमचा कायदा यापुढे बायांनाही लागू. प्लास्टर निघालं की तू म्हणशील त्या दिवशी येते आणि उजवा हात ठेवते. मी मागे घेणार नाही, आणि डावा चालेल का म्हणून विचारणारही नाही.

ताई


११ एप्रिल

ताई,

पार्सल मिळालं. पोस्टमन म्हणाला, जड आहे, काय आहे? म्हटलं, सासरचा आहेर.

त्याला सांगितलं. घरात सांगता येईना. तो समोर बसायचाच नाही, मी खोलीत आले की काहीतरी आणायला बाहेर जायचा. मग एका सोमवारी तो सलून झाडायला गेला, तर मी मागोमाग गेले आणि सरळ खुर्चीत जाऊन बसले. म्हटलं, ‘केस काप.’ तो म्हणाला, ‘आज बंद आहे.’ म्हटलं, ‘दारात गिऱ्हाईक आलंय, परत पाठवतोस?’ केरसुणी भिंतीला टेकवली. मग कपडा माझ्या गळ्याभोवती बांधला. डोक्याला हात न लावता केस कसे कापणार? एका हाताने कंगवा धरला, करंगळीचं थोटकं बाजूला करून. ते माझ्या कानाला लागत होतं. कितीतरी दिवसांनी त्याने मला हात लावला होता, तोही धंद्याच्या नावाखाली.

तोंडावर बोलायचं नव्हतं म्हणून बरं झालं. आरशात बघून बोलले. सगळं सांगितलं, डॉक्टरणीचं, पिंपाचं, कोणीतरी मेल्यासारखं वाटतं तेही. म्हटलं, तू काही करत नाहीस, तरी ते येतं, आणि तू मला हवा असतोस तरीही येतं. त्याची कात्री थांबली. एवढंच विचारलं, ‘म्हणजे माझ्या हातात काही वाईट नाही?’ मी नाही म्हटलं. बोट गेलं तेव्हा टिपूस काढलं नव्हतं त्याने, तेव्हा मात्र माझ्या डोक्यावर हनुवटी टेकून ढसाढसा रडला. एका बाजूचे केस आखूड राहिलेत माझे, कारखान्यात सगळे हसतात.

तुमचं पत्रही मी त्याला वाचून दाखवलं. विचारलं नाही तुम्हाला, राग आला तर यावा. तो म्हणाला, ‘मला वाटायचं ताईला कशाचंच काही वाटत नाही.’

गेल्या सोमवारी आधीच त्याला सांगून ठेवलं, मी नंतर रडणार आहे. आणि रडले. रागही आला, पहिल्यासारखाच, दात ओठ खाऊन. डॉक्टरणीने हे जाईलच असं सांगितलेलं नाही आणि मीही धरून चालत नाही. पण या खेपेला तो बाहेर गेला नाही, जवळही आला नाही. दाराशी बसून राहिला आणि म्हणाला, ‘मागे बादली ठेवलीय.’ माझ्याच कारखान्यातून काचेचे तुकडे मागून आणले होते पठ्ठ्याने! आम्ही परसात गेलो आणि भिंतीवर फोडत सुटलो. शेजारीण खिडकीतून म्हणाली, ‘काय रे, पुन्हा आरसा का?’ हा म्हणाला, ‘हो मावशी, आज बरेच आहेत.’ मी रडता रडता हसले. दोन्ही एकदम येतं हे मला माहीत नव्हतं.

सत्तूर कारखान्याच्या पिंपात तळाशी आहे, वर काचा. भंगारवाला घेऊन जाईल तेव्हा जाईल.

तुमच्या हाताचं त्याला विचारलं. तो म्हणाला, हात कोणी मागितलाय? एक हात प्लास्टरमध्ये म्हणजे ताईच्या डोक्याचं घरटं झालं असणार. तिला म्हणावं, डोकं घेऊन ये, नीट कापून देतो. तर या. माझा राग अजून गेलेला नाही हे सांगून ठेवते. ती खुर्ची सुताराकडून जोडून घेतलीय. तुम्ही तिच्यावरच बसायचं.

काचवाली


१९ एप्रिल

काचवाली,

प्लास्टर निघालं. हात वाकडा जोडला गेलाय, सुरा धरता येतो पण घाव बसत नाही. बरंच झालं.

येत्या सोमवारी येते. संध्याकाळी येते, दुपारी नाही. दुपार तुमची आहे, तिच्यात मला कडमडायचं नाही. तुमचं रडून, फोडून सगळं झालं की मग दार उघड.

बारक्याला सांग, केस हवे तेवढे काप, आणि कपाळावरची ती झुलपं वर कर, मला टाक्यांची खूण बघायचीय. खुर्चीवर बसेन. मुकाट्याने बसेन.

आणि एक काम आहे, तुझ्याकडे. माझं ते पहिल्या आठवड्यातलं रडणं तसंच राहून गेलंय, मार पडायच्या आधीचं. ते एकदा तुझ्याजवळ बसून रडेन म्हणते. कोणासाठी म्हणून विचारू नकोस. चहा टाक.

ताई